तापीखोऱ्यातील मऊ पाठीचे कासव

तापी, गिरणा व पांझरा या नद्यांकाठच्या शेतकऱ्यास कासव अपरिचित नाही. पाणी निर्मळ राहावे म्हणून विहिरीत कासव सोडण्याची चालही जुनीच आहे. परंतु कासव म्हटले की टणक, खवल्याखवल्यांची पाठ डोळ्यांपुढे उभी राहते. येथे ज्या कासवाची माहिती द्यावयाची आहे, त्याच्या पाठीवर खवले मुळीच नसतात. हाडांवर मऊ कातडे ताणून बसविल्याप्रमाणे ती दिसते.

या कासवाचे शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ सुमारे एक फूट लांब भरते. नर लहान असतो. पाठीचा रंग शेवाळी वा तपकिरी, पोट पांढुरके. मान लांब असून नाकाचा शेंडा नळीसारखा पुढे आलेला असतो, त्यामुळे शरीर पाण्याखाली ठेवून केवळ नाक वर काढून त्यास श्वास घेता येतो. प्रत्येक पायास तीनच नखे. ‘वीस नखी’ कासवाने धनलाभ होतो अशी भूल पाडणारे भोंदू गावोगाव हिंडतात. या कासवाची सारी नखे मोजली तरी बारापलीकडे जात नाहीत. ओळखण्याची सर्वांत सोपी खूण पोटाच्या मागील बाजूस सापडते. तेथे कातड्याच्या दोन झडपा असतात व मागचे पाय आत ओढून घेताच त्या मिटतात.

भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश व श्रीलंका एवढ्या विस्तृत प्रदेशात त्याचा आढळ आहे. पंक्टाटा म्हणजे ठिपकेदार. गंगा व सिंधूच्या खोऱ्यांतील कासवांच्या पाठीवर पिवळे ठिपके असतातही; दक्षिणेकडील कासवांना मात्र ते नसतात, आणि तरी नाव तेच! लीथचे कासव हा त्याचा मोठा भाऊबंद दक्षिणेतील नद्यांत राहतो. त्यास झडपा नसतात व तो आता अत्यंत दुर्मिळ झाला आहे.

संथ पाणी आणि तळाशी गाळ, एवढे मिळाले की हे कासव सुखाने राहते. नदीचे डोह, पाझर तलाव, पाट, भाताची खाचरे, सर्व त्यास चालतात. गोगलगायी, किडे, बेडूक, मासे, पाणवनस्पती आणि मेलेली जनावरे हे त्याचे खाद्य. म्हणजे पाण्यातील घाण नाहीशी करण्याचे काम ते विनामूल्य करते.

खानदेशातील नाले व लहान तलाव उन्हाळ्यात आटतात. अशा वेळी हे कासव गाळात स्वतःस पुरून घेते आणि पावसाची वाट पाहत निश्चल पडून राहते. नेमक्या याच दिवसांत तलावांतील गाळ उपसला जातो. 2017 साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे हा सुपीक गाळ शेतांवर पोचू लागला, ही गोष्ट हिताचीच होय. तथापि यंत्राच्या दातांना चिखलाचा गोळा व कासव यांतील भेद कळत नाही. ट्रॉलीत भरून शेतात पसरलेल्या गाळातून कासव जिवंत निघाले, तरी भर उन्हात पाण्यावाचून ते फार काळ तगणार नाही.

यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काम सुरू होण्यापूर्वीच यंत्रचालक व मजूर यांस कल्पना द्यावी. तलावाचा जो भाग सर्वांत शेवटी आटतो, तेथे खोदाई बेताने करावी. कासव सापडल्यास पाठीच्या मागील कडांना दोन्ही बाजूंनी धरून उचलावे. मान लांब असल्याने ते झटकन वळून चावते. नंतर त्यास जवळच्या उतरत्या काठाच्या पाणवठ्यात सोडावे. बांधीव विहिरीत सोडू नये. मादी काठच्या मातीत खड्डा करून गोल, कठीण कवचाची अंडी घालते, आणि उभ्या भिंतीच्या विहिरीतून तिला काठ गाठता येत नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पकडणे, पाळणे, विकणे वा मारणे हा गुन्हा आहे. जखमी कासव आढळल्यास अथवा कोणी कासवांचा व्यापार करीत असल्यास जवळच्या वनरक्षकास किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.