दोराच्या आधारें भूगर्भांत

गुहा म्हटली कीं डोंगराच्या कुशींत आडवें शिरणारें विवर आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु कांहीं गुहा विहिरीप्रमाणें सरळ खालीं गेलेल्या असतात. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बवायु शोषून किंचित् आम्ल होतें, चुनखडीच्या फटींतून झिरपतें आणि हजारों वर्षें तो दगड विरघळवीत राहतें. त्यामुळें अशीं विवरें निर्माण होतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण असा विरघळत नाहीं. अजिंठा-वेरूळचीं लेणीं मनुष्यानें छिन्नीनें खोदलीं; हीं विवरें पाण्यानें कोरलीं.

इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत इंगलबरो डोंगराच्या उतरणीवर 'गेपिंग गिल' नांवाचें असें विख्यात विवर आहे. फेल बेक हा ओढा त्याच्या तोंडांतून सुमारें ९८ मीटर खालीं एका प्रचंड दालनांत कोसळतो. १८४२ सालीं जॉन बर्कबेक यांनीं आंत उतरण्याचा प्रयत्न केला. परंतु निम्म्याहून अधिक खोलीवरील एका कंगोऱ्यापासून त्यांस परतावें लागलें. तळ गांठण्याचा पहिला मान १८९५ सालीं एदुआर मार्तेल या फ्रेंच संशोधकानें मिळविला. दोराची शिडी आणि वरील मंडळींशीं बोलण्यास टेलिफोन, हें त्याचें मुख्य साहित्य होतें.

आतां शिडीची जागा एकेरी दोरानें घेतली आहे. उतरणारा कमरेस व मांड्यांस भक्कम पट्टे बांधतो आणि पट्ट्यास अडकविलेल्या यंत्रांतून दोर वळसे देऊन घेतो. घर्षणामुळें वेग ताब्यांत राहतो. उतरणें सोपें, कारण तें काम आपलें वजनच करतें; खरी परीक्षा परत येतांना असते. त्यासाठीं दोरावर दोन पकडी लावतात: एक छातीशीं, दुसरी हातांत, व हातांतील पकडीस पावलांसाठीं फांस. पकड दोरावरून वर सरकते, पण खालीं ओढतांच तिचे दांते दोरांत रुततात. फांसांत उभें राहावें, छातीची पकड वर सरकते. पट्ट्यांत बसावें, हातची पकड वर सरकवावी. अशा रीतीनें वीतवीत अंतर कापीत माणूस उजेडांत येतो. दमून दोरावर निश्चल लोंबकळत राहिल्यास मात्र थोड्याच वेळांत रक्ताभिसरण बिघडून प्राणावर बेततें. म्हणून ज्यास चढतां येत नाहीं त्यानें उतरूंच नये.

१९५२ सालीं फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील पिएर-सँ-मार्तँच्या विवरांतून मार्सेल लूबेन्स हा शोधक पोलादी तारेच्या साह्यानें वर येत होता. तार तुटली नाहीं. तिला त्याचा पट्टा जोडणारी लहानशी पकड सुटली, तो खालीं पडला व त्या दुखापतींनीं मरण पावला. यावरून लहान सांध्याचें महत्त्व कळतें. म्हणूनच जाणते लोक दोर दोन ठिकाणीं बांधतात, दगडाच्या धारेवर तो घासूं देत नाहींत, त्याच्या टोकास गांठ मारतात, आणि प्रत्येकाचे पट्टे सोबत्याकडून तपासून घेतात. पावसाचा रंग दिसतांच ते बेत रद्द करतात. कारण वर पडलेला पाऊस आंत पूर होऊन येतो. शिवाय परतण्याची वेळ घरीं सांगितल्यावांचून कोणी निघत नाहीं. पालकांस ही शेवटची गोष्ट विशेष पटेल, आणि आमच्या विद्यार्थिमित्रांस ती साध्या सहलीलाही उपयोगी पडेल.