आजी प्रवासात पाणी का पीत नाहीत?

मे महिना उजाडला की माटुंग्यातील अनेक घरांत कोकणाचे बेत रंगू लागतात. दादरला गाडी धरायची, रत्नागिरीला उतरायचे आणि गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर तीन पिढ्यांनी एकत्र जमायचे. निघण्यापूर्वी तपासणीसाठी आलेल्या ज्येष्ठांना मी आवर्जून विचारतो, "प्रवासात पाणी पिता ना?" पुष्कळदा दबक्या आवाजात उत्तर येते, "बेतानेच. सारखे उठावे लागते. मुलांना त्रास नको."

हा संकोच समुद्रकाठी महागात पडू शकतो. वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी आणि क्षार आणखी घटतात. किनाऱ्यावर पारा विदर्भाइतका चढत नाही. पण दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. म्हणूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करताना हवामान खाते मैदानी भागासाठी ४० अंश, तर किनारपट्टीसाठी ३७ अंश सेल्सिअस कमाल तापमान विचारात घेते.

तेव्हा मुक्कामाची खोली ठरवताना समुद्राच्या देखाव्याआधी स्वच्छतागृह किती जवळ आहे, ते पाहावे. किनाऱ्यावर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे; मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्याचे पाणीही विचारूनच प्यावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. गोळ्या मनाने बंद करू नयेत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. मधुमेहींनी तापलेल्या वाळूत अनवाणी चालू नये. पावलांची संवेदना कमी झाली असल्यास चटका कळत नाही.

अंग तापून ज्येष्ठ व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा तिला गुंगी आली, तर तो उष्माघात समजावा. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये.

आणि एक सोपी गोष्ट. आईने सांगण्याची वाट न पाहता दर दोन तासांनी आपणच म्हणावे, "आई, चल, जाऊन येऊ या." मग पाण्याचा पेला ती निर्धास्तपणे हाती घेईल.