परदेशचें शिक्षण आणि घरची जमीन

मुलास परदेशीं शिकावयास पाठवावें कीं नाहीं, हा प्रश्न पूर्वीं संस्थानिकांच्या आणि शहरांतील वकील-डॉक्टरांच्या घरींच निघत असे. हल्लीं तो बागाईतदार शेतकऱ्याच्या ओटीवरही निघूं लागला आहे. ही गोष्ट वाईट नव्हे. आपल्याच वऱ्हाड-नागपूर भागांतील पांडुरंग खानखोजे अमेरिकेंत शेतकीशास्त्र शिकले आणि पुढें मेक्सिकोंत त्यांनीं मक्यावर नांव घेण्यासारखें काम केलें. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठांत गेले. विद्येकरितां समुद्र ओलांडावा कीं नाहीं, हा वाद केव्हांच मिटला. आतां प्रश्न आहे तो खर्चाचा, आणि तो खर्च कशाच्या जिवावर करावयाचा याचा.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची हकीकत येथें सांगतों. २०२३ सालच्या दिवाळीच्या सुमारास त्यांनीं मुलास कॅनडांत पाठविण्याचें ठरविलें. फी व एका वर्षाचा निर्वाह यांचा हिशेब करून दोन एकर बागाईत विकली. त्या वेळीं निर्वाहाकरितां दहा हजार डॉलर जवळ असल्याचें दाखवावें लागे. १ जानेवारी २०२४ पासून तिकडील सरकारनें ती रक्कम २०,६३५ डॉलर केली. त्या वेळच्या भावानें हा बोजा सहा लाख रुपयांहून अधिक वाढला. रब्बीचें पीक उभें असतां आणखी एक तुकडा घाईनें विकावा लागला, आणि घाईची विक्री म्हणून किंमतही कमी आली. मुलगा हुशार, त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु महसूल खात्यांतील कारकुनींत मीं हजारों फेरफार लिहिले आहेत. सातबारावरील बोजा फिटून कमी झालेला पुष्कळदां पाहिला. विकलेली जमीन त्याच घराच्या नांवें परत आलेली क्वचितच पाहिली.

परदेशीं जाणाऱ्या मुलांची संख्या केवळ त्यांच्या हुशारीवर अवलंबून नसते. कालव्याचें पाणी जसें दरवाजा उघडेल तसें येतें, तसाच हा प्रकार आहे. इंग्लंडनें २०१२ सालीं शिक्षणानंतर नोकरी शोधण्याची सवलत बंद केली; थोड्याच वर्षांत तेथील हिंदी विद्यार्थ्यांची संख्या सुमारें निम्म्यावर आली. २०२१ सालीं दोन वर्षांची सवलत पुन्हां सुरू होतांच तेथें रीघ लागली. जानेवारी २०२४ पासून साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास कुटुंब बरोबर नेण्याची मनाई झाली, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणारांस दोन वर्षांऐवजीं दीड वर्षच मिळावयाचें आहे. कॅनडानें जानेवारी २०२४ मध्यें परवान्यांवर मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियानें विद्यार्थी-परवान्याची फी जुलै २०२४ मध्यें ७१० डॉलरवरून १,६०० आणि पुढील वर्षीं २,००० डॉलर केली. याचा परिणाम आपल्याकडील आंकड्यांत दिसतो. शिक्षणाकरितां देशाबाहेर गेलेले २०२३ सालीं सुमारें ८ लाख ९२ हजार होते. २०२४ सालीं ते सुमारें ७ लाख ५९ हजारांवर आले.

असें कां होतें? परदेशी विद्यार्थ्याकडून तेथील कॉलेजें स्थानिक विद्यार्थ्याच्या कित्येक पट फी घेतात. म्हणून कॉलेजांस तो हवा असतो. परंतु घरें अपुरीं पडून भाडीं चढलीं कीं तेथील मतदार कुरकुर करितात आणि सरकार दरवाजा लोटतें. या ओढाताणींत आपल्या मुलाचा विचार कोणी करीत नाहीं, आणि त्यांनीं तो करावा अशी अपेक्षाही व्यर्थ आहे.

इकडे शेतकऱ्याची अडचण निराळीच आहे. सामान्यतः साडेसात लाखांपर्यंतचें शिक्षणकर्ज तारणाशिवाय मिळतें. त्यापुढें बँक तारण मागते. नामांकित विद्यापीठांत प्रवेश असल्यास कांहीं बँका अपवाद करितात. पण तारण म्हणून शेतजमीन पुढें केली असतां बहुतेक ठिकाणीं नकार येतो. कारण २००२ च्या ज्या कायद्यानें बँकेस कोर्टांत न जातां तारण ताब्यांत घेतां येतें, त्या कायद्याच्या ३१ व्या कलमानें शेतजमीन वगळलेली आहे. ही सवलत शेतकऱ्याच्या रक्षणाची खरी. परंतु तिच्यामुळें पांच एकरांचा धनी बँकेच्या दृष्टीनें शहरांतील एका सदनिकेच्या मालकाहून हलका ठरतो. मग तो जमीन विकतो, किंवा भारी व्याजाच्या खाजगी कर्जाकडे वळतो.

म्हणून वाचकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, हिशेब पदवीपुरताच करावा. मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन लगेच परत आली, तर येथील पगारांत कर्ज फिटेल काय, हें पाहावें. तिकडील नोकरी हा वरकड लाभ समजावा. दुसरी, लागणाऱ्या रकमेहून निदान चौथाई रक्कम अधिक हाताशीं ठेवावी. नियम बदलले तर तीच उपयोगी पडते. तिसरी, दलालाच्या शब्दावर जाऊं नये, कारण त्यास बहुधा कॉलेजाकडून दलाली मिळते. बनावट प्रवेशपत्रांवर पंजाबांतील कित्येक मुलें कॅनडांत गेल्याचें २०२३ सालीं उघडकीस आलें. तेव्हांपासून तेथें प्रवेशपत्राची खातरजमा कॉलेजाकडून करून घेतात. आपणही अगोदर विद्यापीठास स्वतः लिहून खात्री करून घ्यावी. चौथी, जमिनीस हात लावण्यापूर्वीं इतर वाटा पाहाव्या. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांकरितां राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची, आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांकरितां ‘सारथी’मार्फत सयाजीराव महाराजांच्या नांवाची परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्र सरकार देतें. जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठें शिकवणीची फी घेत नाहींत. मात्र निर्वाहाची वर्षाची रक्कम आगाऊ खात्यांत ठेवावी लागते, व ती सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो आहे.

एवढें करूनही जमीन विकण्याची पाळी आलीच, तर ती घरांतील सर्वांच्या संमतीनें विकावी. मागें राहणाऱ्या भावाचा आणि बहिणीचाही त्या जमिनींत वांटा आहे, आणि परदेशीं जाणाऱ्याच्या शिक्षणाची किंमत पुष्कळदां तेच भरीत असतात. मुलास जरूर पाठवावें. पण तो परत आला तर पाय टेकावयास बांध शिल्लक राहील, इतकी काळजी घेऊन पाठवावें.