दहावीनंतर ‘आयबी’? आधी एवढं विचारून घ्या

मैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न, ‘सायन्स, कॉमर्स की आर्ट्‌स?’ आमच्या हरसूलसारख्या डोंगरातल्या बाजारगावात तो लवकर सुटतो. जवळच्या कॉलेजात जी शाखा, ती आपली! पण हल्ली शहरातल्या बायकांच्या बोलण्यात आणखी एक शब्द येतो, ‘आयबी’. माझ्या नाशिकच्या मोठ्या जाऊबाईंनी परवा विचारलं, “तू शिकवतेस ना गं, मग सांग, लेकीला आयबीला घालू का? ह्यांनी घेतलेला प्लॉट विकावा लागेल.” प्लॉटची गोष्ट निघाली तेव्हा मीही जरा खोलात शिरले.

आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट. बदलीच्या नोकरीमुळे देशोदेशी फिरणाऱ्यांच्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात चालेल अशी एकच परीक्षा असावी, म्हणून 1968 साली जिनिव्हात ही संस्था स्थापन झाली. भारतात कोडाईकनालच्या इंटरनॅशनल स्कूलने 1976 मध्ये ती प्रथम सुरू केली. तिचा दोन वर्षांचा डिप्लोमा म्हणजे आपली अकरावी-बारावीच. 1983 पासून भारतीय विद्यापीठांच्या संघाने त्याला बारावीच्या बरोबरीचा मानलं आहे. तेव्हा ‘परदेशी कागद, इथं चालेल का?’ ही धास्ती नको.

मला सगळ्यात आवडली ती विषयांची मांडणी. आपण पान वाढताना नुसता भातच वाढत नाही. भाजी, आमटी, कोशिंबीर, लिंबाची फोडही लागते. तसंच इथं सहा गटांतून सहा विषय: आपली भाषा आणि तिचं साहित्य, दुसरी एक भाषा, इतिहास-अर्थशास्त्रासारखा समाजाचा विषय, विज्ञान, गणित आणि कला. कला नको असेल तर त्या जागी दुसरं विज्ञान किंवा आणखी एखादा विषय घेता येतो. सायन्सची मुलगी इतिहासाला मुकत नाही आणि आर्ट्‌सच्या मुलीचं गणित सुटत नाही. साधारणपणे तीन विषय खोलवर, प्रत्येकी 240 तास. बाकीचे तीन 150 तास. प्रत्येकाला जास्तीत जास्त 7 गुण, म्हणजे 42, आणि वर 3, असे एकूण 45. पास व्हायला निदान 24 लागतात. शिवाय आणखी काही अटी आहेतच.

ते वरचे 3 गुण कसले? एक म्हणजे चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध. पण आपल्या ‘पावसाळ्यातील एक दिवस’सारखा नव्हे हं! मुलीने स्वतः प्रश्न शोधायचा, स्वतः माहिती जमवायची. आमच्या भागातली मुलगी विचारील, घरोघरची नागलीची भाकरी कमी का होते आहे? मग तिने शेतात जावं, बाजारात बसावं, आजीला बोलतं करावं. दुसरं म्हणजे ‘आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून?’ याचा वेगळा तास. मला विचाराल तर हा तास आपल्यालाही ठेवायला हवा, व्हॉट्‌सॲपवर काय काय येतं ते पाहता! याशिवाय दीड वर्ष काही सर्जक काम, खेळ-व्यायाम आणि समाजसेवा करायची. त्याला गुण नाहीत, पण ते केल्यावाचून डिप्लोमा हाती पडत नाही.

हे सगळं वाचून मन हरखतं खरं. पण माझी पुतणी डॉक्टर व्हायचं म्हणते, आणि गाडी तिथंच अडते. ‘नीट’साठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असे तिन्ही विषय हवेत. आयबीच्या नेहमीच्या रचनेत त्यांतले दोनच बसतात; तिसऱ्यासाठी शाळेला खास परवानगी मागावी लागते. इंजिनिअरिंगच्या मुलांना ही अडचण नाही, कारण कलेच्या जागी रसायन घेतलं की भौतिक आणि गणितासह जमून जातं. पण दोन्ही प्रवेशपरीक्षांचा ढाचा आपल्याकडच्या पुस्तकांचा, म्हणजे क्लास वेगळा आलाच. मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैत लागतो, तोवर इकडे प्रवेशाची धांदल सुरू झालेली असते. आणि फी! वर्षाला काही लाख, कुठे कुठे दहा लाखांच्याही वर. परीक्षेचे पैसे बहुतेक ठिकाणी निराळे. म्हणून मी सरळ सांगितलं, “जाऊबाई, पोरीला डॉक्टरच व्हायचं असेल तर प्लॉट विकू नका.” त्यांना ते फारसं रुचलं नाही.

ज्या मुलीला परदेशी शिकायचं आहे, जिला वाचनाची, लिहिण्याची भूक आहे, तिची गोष्ट वेगळी. तिच्या आईने शाळेत जाऊन तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या मुलांना 45 पैकी किती गुण पडले? गणित दोन तऱ्हेचं असतं, त्यातलं कुठलं शिकवता? आणि मराठी घेता येईल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. शिकवायला शिक्षक नसला तरी, शाळेची तयारी असेल तर, मातृभाषेचं साहित्य स्वतः अभ्यासून परीक्षा देण्याची सोय आयबीत आहे. इंग्रजीच्या धाकाने मराठी सोडून देण्याचं काही कारण नाही.

पैसा नसेल तर दार बंदच का? अगदी तसं नाही. पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, 1997 साली सुरू झालेलं. तिथं देशोदेशीची मुलंमुली एकत्र राहून हाच डिप्लोमा करतात. निवड केवळ मार्कांवर होत नाही. मुलाखतीत मूल काय विचार करतं, चारचौघांत कसं वागतं, हेही पाहतात. निवड झाल्यावर घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती मिळू शकते. जागा थोड्या आणि चुरस मोठी, हे मात्र धरून चाला. अर्जही प्रवेशाच्या कितीतरी महिने आधी भरायचे असतात. दहावीच्या निकालाचे पेढे वाटून झाल्यावर चौकशीला गेलात, तर ते वर्ष गेलंच म्हणून समजा. मूल दहावीत गेलं की दिवाळीच्या आधीच चौकशी करा, आणि उत्पन्नाचा दाखला तेवढा काढून ठेवा.