खोली भाड्याने देताना

पै-पै साठवून घराशेजारी एखादी खोली बांधावी, ती भाड्याने द्यावी, म्हातारपणी दोन पैसे हाती यावेत, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटले. शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा हाती आलेल्या पैशांतून मागच्या अंगणात दोन खोल्या बांधल्या. त्या देताना जी चूक केली, ती आज तुम्हांला सांगतो. मुख्याध्यापक होता म्हणजे त्याला सगळे कळते, असे काही नसते!

भाडेकरू तसा सज्जन. कारखान्यात कामाला. घरात बायको आणि दोन मुले. मी म्हटले, "भाडे तीन हजार. जमेल ना?" तो म्हणाला, "जमेल, गुरुजी." झाला करार. कागद नाही, पावती नाही. "आपल्या माणसांत कागद कशाला?" असे मीच म्हणालो. जन्मभर मुलांना 'लिहून काढा' म्हणत आलो, आणि स्वतः एक ओळ लिहिली नाही.

वर्षभर बरे चालले. मग त्याचे काम सुटले. भाडे थकले. एक महिना, दोन महिने, पाच महिने. मी रोज दारात जाऊन बोलू लागलो. तोही उलट बोलू लागला. एक दिवस माझे डोके फिरले आणि मी त्यांच्या नळाचे पाणी बंद केले. आमच्या घरातून हाक आली, "अहो, त्यांच्याकडे लहान मूल आहे!" मी ऐकले नाही. त्याची बायको कळशी घेऊन सार्वजनिक नळावर जाताना मी पाहिली, तरी खिडकी लावून बसलो.

पुढे कोर्टाचा कागद आला, तो मला! थकबाकी त्याची, आणि उभा मी. असे का झाले?

आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. शहरांना आणि कायद्याच्या यादीतल्या गावांना तो लागतो. या कायद्याने राहत्या माणसाचे पाणी, वीज, संडासाची सोय मालकाला तोडता येत नाही. भाडे थकले, हे कारण तिथे चालत नाही. तोडल्यास मालकाला शिक्षासुद्धा होऊ शकते. कुलूप बदलणे, सामान बाहेर टाकणे हेही तसेच. असे जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. "घर माझे आहे" एवढे म्हणून भागत नाही.

दुसरी गोष्ट याहून झोंबली. मी म्हणालो, भाडे तीन हजार. तो म्हणाला, दोन हजार. आता पुरावा काय? कायदा म्हणतो, करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरायचे. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अकरा महिन्यांच्या कागदाला नोंदणी लागत नाही, असे कुणी सांगेल. आपल्याकडे ते खरे नाही.

आता कागद कसला करायचा? दोन प्रकार आहेत. एक भाडेकरार. दुसरा 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी. घरगुती खोलीसाठी बहुतेक जण दुसराच करतात. कारण मुदत संपूनही माणूस गेला नाही, तर मालकाला सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्या जादा दिवसांचे दुप्पट पैसे मागता येतात. भाडेकरार असेल, तर थकबाकीची लेखी मागणी करून 90 दिवस थांबावे लागते. मगच जागा खाली करण्याचा दावा लावता येतो.

हल्ली नोंदणी संगणकावरून घरबसल्याही होते. आधार कार्ड आणि अंगठ्याचा ठसा लागतो. कागदात भाडे किती, अनामत किती, वीजबिल कोणी भरायचे, किरकोळ दुरुस्ती कोणाची, हे सगळे लिहा. त्या दिवशीचा मीटरचा आकडा लिहा. पंखे, दिवे, नळ मोजून लिहा. कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. सावकाश का होईना, स्वतः वाचा, मग सही करा. भाड्याची पावती दर महिन्याला द्या. पैसे मोबाइलवरून आले तरी द्या. पावती देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. वीजमीटर वेगळा घेतला, तर निम्मी भांडणे होतच नाहीत.

भाडे थकलेच तर? आधी घरात बोलावून, बसवून विचारा. रस्त्यावर, चारचौघांत नको. अडचण खरी असेल तर हप्ते ठरवा, आणि तेही लिहून घ्या. तरीही टाळाटाळ झाली, तर वकिलाकरवी नोटीस द्या. वकिलाला पैसे नसतील, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे चौकशी करा. बायकांना तिथे मिळकत न पाहता फुकट वकील मिळतो. आमच्या आळीतल्या एका काकूंना हे ठाऊक नव्हते, म्हणून त्या दोन वर्षे गप्प बसल्या.

माझा तंटा लोकअदालतीत मिटला. अडीच हजारांवर तडजोड झाली. थकबाकी त्याने हप्त्यांनी द्यायची ठरली. पाणी मी आधीच सोडले होते. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी त्याने किल्ली पुढे केली आणि म्हणाला, "गुरुजी, पावती?"

मी आत जाऊन पावती लिहून आणली.