जाळी निघते कशी?

दोस्तांनो, अंगणाभोवतीची जुनी तारेची जाळी कधी निरखून पाहिलीये? शंकरपाळ्यांसारखी घरं असलेली! वाटतं, शेकडो तुकडे जोडलेत. पण नीट बघा, एकही सांधा नाही. एक नागमोडी तार शेजारच्या तारेत अडकवलेली, बस्स!

म्हणूनच ती काढताना फारसं कापावं लागत नाही. आधी ताण सैल करायचा. ताणलेली तार एकदम कापली तर चाबकासारखी उसळते, म्हणून हे काम मोठ्यांचंच. मग एकाच तारेची वरची-खालची वळलेली टोकं पकडीनं सरळ करायची आणि ती तार स्क्रूसारखी फिरवत वर ओढायची. झाले जाळीचे दोन भाग!

तारेवर जस्ताचा मुलामा असतो. तो आधी स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. तो संपला की गंज चढतो.

ओरखडा उठला तर लपवू नका हं! धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात आणि घाणेरड्या टोकावरून जखमेत शिरतात. जखम साबण-पाण्यानं धुवा, डॉक्टरांना दाखवा. आणि आईबाबा, दहाव्या व सोळाव्या वर्षाची लस राहिली नाही ना?

एखाद्या झाडानं जाळीच गिळली असेल तर? खोड जाड होताना तार पोटात घेतं. ती ओढू नका, साल फाटेल. खोडालगत कापा, आतली राहू द्या. कुंपण गेलं तरी झाड त्याची आठवण जपून ठेवील!