मातीतील राखणदार

वाशीम जिल्ह्यातील काळ्या, कसदार रानांत दिवाळीच्या सुमारास तूर फुलावर येते. पिवळ्या फुलांनी सारे शेत खुललेले असते. पण मधूनच एखादे झाड मान टाकलेले दिसते. त्याची पाने पिवळी पडतात, शेंडे लोंबू लागतात आणि थोड्याच दिवसांत उभे झाड वाळून जाते. जमिनीत ओल असूनही झाडाने तहानेने मरावे, हे नवल नव्हे काय? शेतकरी या रोगास ‘मर’ म्हणतात. शेंगा धरण्यापूर्वी मर लागली, तर त्या झाडापासून एक दाणाही हाती येत नाही.

असे झाड उपटून त्याचे खोड उभे चिरावे. सालीखाली काळपट रेघा दिसतात. पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुरशीने बुजल्याची ती खूण होय. ही बुरशी मुळांच्या बारीक तंतूंतून आत शिरते. बटलर या शास्त्रज्ञांनी १९१० साली तिला ‘फ्युझॅरियम उडम’ हे नाव दिले. झाड मेले तरी ती मरत नाही. मातीत राहिलेल्या धसकटांत ती वर्षानुवर्षे दबा धरून बसते. वरून औषध फवारून तिचे काय वाकडे होणार?

परंतु त्याच मातीत ‘ट्रायकोडर्मा’ नावाची दुसरी एक हिरवट बुरशी असते. ती झपाट्याने वाढते आणि मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच व्यापून टाकते. एवढेच नव्हे, तर तिचे तंतू शत्रूच्या तंतूंना वेलीसारखे विळखे घालतात, त्यांची भिंत विरघळवतात व आतील रस शोषून घेतात. वाइंडलिंग या संशोधकांनी अमेरिकेत हा प्रकार १९३२ साली प्रथम वर्णिला.

पेरणीपूर्वी एक किलो बियाण्यास चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्माची भुकटी पाण्याचा हबका देऊन हलक्या हाताने चोळतात व बी सावलीत सुकवतात. कुजलेल्या शेणखतात मिसळूनही ती शेतात घालतात. कारण ओल आणि सेंद्रिय खत यांवाचून तिची वाढ होत नाही. मात्र मान टाकलेले झाड तिच्याने पुन्हा उभे राहत नाही. ती राखणदार आहे, वैद्य नव्हे!

ज्वारीत तुरीच्या ओळी पेरण्याची आपल्याकडे जुनी चाल होती. अशा शेतात मर कमी आढळते, असे प्रयोगांतही दिसून आले. आता वाशीमकडे ज्वारीची जागा बहुतांशी सोयाबीनने घेतली आहे. त्यामुळे तुरीचा तो जुना सोबती दुरावला आणि बियाण्याची ही तयारी मृगाचा पाऊस पडण्याआधीच करून ठेवणे अधिक गरजेचे झाले.